सुट्या पेन्सिलींचा शनिवार

लोकांना वाटतं, रंगीत पेन्सिलींच्या दुकानात काय घडणार? माणूस येणार, डबा घेणार, जाणार. पण मी दादरला आमच्या दुकानात पेन्सिलींच्या काउंटरला उभा राहायला लागलो तेव्हापासून एक गोष्ट बघतोय. माणूस साखर घेताना गप्प असतो, पण रंग घेताना बोलायला लागतो! कुणाला आईच्या लुगड्याचा रंग हवा असतो, कुणाला गावच्या खाडीचा. तो सापडेपर्यंत माणूस काय काय सांगून टाकतो. मला स्वतःला बोलता फारसं येत नाही, त्यामुळे सगळं माझ्याकडेच साचत गेलं.

आमच्याकडे कॅनव्हास आणि फ्रेमचं काम मंगेश बघतो. माहीमच्या कोळीवाड्यातला, आवाज समुद्रापर्यंत जाईल असा. तो म्हणाला, "विन्या, तू हे लिहून काढ. तुझ्या तोंडून ऐकायचं म्हटलं तर आम्ही म्हातारे होऊ!"

म्हणून लिहितोय. शाळा मी नववीत सोडली. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

•

दुकान अप्पांचं. अप्पा गिरगावात वाढले, तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या काउंटरमागे लाकडी खणांची भिंत आहे. प्रत्येक खणात एक रंग, सुटा. दुसरीकडे एक निळी झिजली की अख्खा डबा घ्यावा लागतो. आमच्याकडे नुसती निळी मिळायची.

पहिल्याच दिवशी अप्पांनी मला पेन्सिल पारखायला शिकवली. आधी तिचं बूड बघायचं, शिसं बरोबर मध्यावर आहे का. ते एका बाजूला असेल तर टोक धड निघत नाही. मग काचेवर लोळवायची. वाकडी असेल तर ती लंगडत जाते. मग कागदावर हलक्या हाताने एक थर द्यायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. स्वस्त पेन्सिल दुसऱ्या थराला घसरायला लागते. चांगली पेन्सिल कितीही थर दिले तरी कागद धरून असते.

मंगेश हे सगळं लांबून ऐकत होता. म्हणाला, "अप्पा, पेन्सिलीचं कळलं. माणूस कसा पारखायचा?"

"ते मला येत नाही," अप्पा म्हणाले. "येत असतं तर तुला ठेवला असता का?"

•

अँटॉप हिलहून एक गृहस्थ आले. बरोबर मुलगी. तिची ड्रॉइंगची परीक्षा होती. आल्या आल्या म्हणाले, "सगळ्यात भारी डबा काढा."

मी तीन डबे उघडले. सांगायला लागलो, ही मेणाची आहे, मऊ चालते, पण फार घासली तर वर पांढुरकी साय धरते. ही तेलाची, थोडी कडक, बारीक काम छान होतं.

"ते राहू दे रे," ते म्हणाले. "ए ग्रेड कुठल्या डब्याने मिळेल तेवढं सांग."

मी म्हणालो, "काका, ते डब्यावर नसतं."

"मग ज्याच्यावर असतं ते दाखव ना!"

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मी इथेच उभी आहे."

•

काउंटरवर एक पॅड असतं. पेन्सिल चालवून बघायला. मला वाटायचं, लोक त्यावर चित्रं काढतील. कुणी चित्र काढत नाही! चित्रकार सोडून सगळे जण तेच करतात जे ते रोज करतात. शिक्षक बरोबरच्या खुणा करतात. बँकेतला माणूस सही करतो. लालबागच्या एका टेलरने अख्ख्या पानावर छातीची मापं लिहिली आणि म्हणाला, "मस्त चालते!"

मंगेशने एकदा मला पकडलं. "तू कधी काही लिहीत नाहीस रे त्याच्यावर?"

मी म्हटलं, "माझं दुकान आहे का? गिऱ्हाइकांसाठी आहे ते."

"लिहून बघ. निदान तुझ्या मनात काय आहे ते आम्हाला तरी कळेल."

मी लिहिलं नाही. पण तोपर्यंत प्रज्ञा मॅडम यायला लागल्या होत्या, आणि मनात काय आहे ते मंगेशला कळलं होतं. ते कसं, ते सांगतो.

•

शनिवारची दुपार होती. एक माणूस आला आणि म्हणाला, "स्किन कलर दे एक."

आमच्या एका खणावर तशी चिठ्ठीच होती तेव्हा, 'स्किन'. मी त्यातली फिकट गुलाबी पेन्सिल काढून दिली.

बाजूला एक मुलगी उभी होती, याच प्रज्ञा मॅडम. खांद्याला कापडी पिशवी, बोटांना रंग. तिने ती पेन्सिल बघितली, चिठ्ठी बघितली आणि मला विचारलं, "कुणाची स्किन?"

 तिने स्वतःचा तळहात उघडून त्यावर पेन्सिल ठेवली. "आमच्या घरात हा रंग फक्त इथे असतो."

ती रागाने बोलली नव्हती. खरं ते सांगितलं होतं. तिला आजीचं चित्र काढायचं होतं. आजी वरळीच्या बीडीडी चाळीत राहिलेली, उन्हात काम केलेली. तिने माझ्याकडून तीन तपकिऱ्या मागितल्या, एक गडद निळी, एक वांगी रंगाची. पॅडवर आधी निळीचा थर दिला, इतका हलका की कागदालाही कळू नये. वर वांगी. वर तपकिरी. आणि बघता बघता तिथे एक गाल आला!

अप्पा उठून बघायला आले. मग त्यांनी गुपचूप नखाने खणावरची ती चिठ्ठी काढली. आज तिथे कंपनीचा नंबर आहे, फक्त नंबर.

तो मघाचा माणूस अजून उभा होता. म्हणाला, "मग मी आता काय घेऊ?"

प्रज्ञा मॅडम म्हणाल्या, "आधी कुणाचं चित्र आहे ते सांगा."

"माझंच."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मग एका पेन्सिलीत नाही भागणार!"

•

ती शाळेत चित्रकला शिकवते आणि लोकांच्या घरच्यांची चित्रं काढून देते. आठवड्यात जी पेन्सिल झिजून बोटभर उरली, तीच घ्यायला ती शनिवारी यायची. बाकी काही घ्यायची नाही. आमच्याकडे सुट्या मिळत होत्या म्हणून यायची. मी काउंटरला होतो म्हणून नाही, एवढी अक्कल मला होती. पण मला तो शनिवार पुरायचा. रविवारपासून मी पुढचा शनिवार धरायचो.

कुठला रंग झिजला त्यावरून तिने आठवडाभर काय काढलं असेल याचा मी अंदाज करायचो. करडा आणि पांढरा संपला, तर कुणाची तरी म्हातारी आई. फिकट तपकिरी, तर लहान बाळ. एका शनिवारी तिने लाल मागितली. नुसती लाल! मी दोन दिवस त्याच विचारात. लाल म्हणजे शालू असणार. शालू म्हणजे लग्न. कुणाचं लग्न?

पुढच्या शनिवारी परत लाल. माझा चेहरा बघून मंगेशला राहवलं नाही. फ्रेम खाली ठेवून त्याने तिकडूनच विचारलं, "मॅडम, लाल एवढी कशाला लागते?"

"टोमॅटो," ती म्हणाली. "तिसरीच्या पोरांना टोमॅटो शिकवतेय."

•

मंगेश माझ्या मागे लागला. "तिला चहा विचार. दुकानात चहा येतोच ना, एक कप जास्त सांगायचा. त्यात काय!"

मी आठवडाभर घोकलं. "मॅडम, चहा घेणार?" चार शब्दही नाहीत. शनिवारी ती आली. पेन्सिल घेतली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मॅडम, रबर घेणार?"

तिने माझ्याकडे बघितलं. रंगीत पेन्सिल रबराने नीट जात नाही, उलट पसरते. हे तिला माहीत. मला तर माहीतच. रस्त्यावरच्या मांजरालासुद्धा माहीत असेल.

"द्या," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी आणखी तयारी करून आलो. परत रबरच निघालं तोंडातून! परत ती म्हणाली, "द्या."

ती गेल्यावर मी डोकं धरून बसलो. मंगेश म्हणाला, "रडतोस काय? एक गोष्ट सांगू? दादरमध्ये काउंटरच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येक पोराला बायका दादा म्हणतात. मला म्हणतात, अप्पांनासुद्धा म्हणतात. तिने तुला अजून एकदाही म्हटलेलं नाही."

मी ते वाक्य बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं.

•

आमच्या दुकानाच्या दाराला दुपारनंतर ऊन येतं. अप्पांनी तिथे काचेवर एक कागद चिकटवून ठेवलाय. त्यावर सगळ्या रंगांचे पट्टे, आणि अर्धा भाग काळ्या कागदाने झाकलेला. मधूनमधून तो काळा कागद उचलून बघायचं, उन्हात कुठला रंग उडाला. पेन्सिलीवर कंपनी टिकाऊपणाच्या चांदण्या छापते, पण अप्पांचा विश्वास आपल्या दारावरच्या उन्हावर.

एक आजोबा आले. परळच्या गिरणीत होते पूर्वी. आता वेळ जायला चित्रं काढायला शिकत होते. त्यांना बायकोचं चित्र काढायचं होतं, तिच्या गुलाबी साडीसकट. मी गुलाबी दाखवल्या. एक त्यांना एकदम पसंत पडली. "हाच! अगदी हाच!"

अप्पांनी त्यांना दारापाशी नेलं, काळा कागद उचलला. झाकलेल्या बाजूला ती गुलाबी टवटवीत होती. उघड्या बाजूला जवळजवळ कागदच उरला होता. "साहेब, ही घेऊ नका. चांगली दिसते, पण टिकत नाही. थोडी वेगळी चालत असेल तर ती दुसरी घ्या, ती राहील."

आजोबांनी त्या उडालेल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हीच द्या," म्हणाले. "तीसुद्धा कुठे राहिली?"

अप्पांनी पेन्सिल स्वतः कागदात गुंडाळून दिली. त्या दिवशी मंगेशनेही फ्रेमवर हातोडा मारला नाही. आणि मी वेड्यासारखा शनिवारचा विचार करत होतो.

•

मग अप्पांनी ते जाहीर केलं. "सुट्या बंद."

कारण साधं होतं. माल पुरवणारे आता फक्त डबे देतात. एकेक रंग मागितला की महिनोन् महिने थांबवतात. शिवाय पांढरी, काळी, तपकिरी लगेच उडते आणि खणात राहतो तो आजारी पिवळा, जो कुणी फुकट नेणार नाही.

मी कधी अप्पांसमोर बोललो नव्हतो. त्या दिवशी गेलो. "अप्पा, सुट्या बंद नका करू."

"का रे?"

"गिऱ्हाईक तुटेल."

"कुठलं गिऱ्हाईक? नाव सांग."

"आर्ट कॉलेजची मुलं."

"ती मोबाइलवर मागवतात. अजून?"

"अजून..." मी खणांकडे बघत म्हणालो, "एक मॅडम येतात."

मागून मंगेशला खोकल्याची उबळ आली.

"एका मॅडमसाठी," अप्पा म्हणाले, "मी हे सगळे खण पुसत बसू?"

"मी पुसतो ना."

"ते तू आताही पुसतोस! आणि शुक्रवारी दोनदा पुसतोस, ते मला दिसत नाही असं समजू नकोस."

पण त्यांनी निर्णय बदलला नाही. दुकान चालवायचं तर त्यांचं बरोबरच होतं.

•

शेवटच्या सुट्या विकल्या जात होत्या तेव्हाचा हा किस्सा. मंगेश अजून सगळ्यांना सांगत असतो, म्हणून मीच सांगितलेला बरा.

ती शनिवारी आली. तपकिरीचा खण उघडला, रिकामा. निळीचा, रिकामा. मी तिला सांगितलं, आता यापुढे डबेच मिळणार.

तिने रिकामा खण परत लावला. मग म्हणाली, "म्हणजे अख्खा डबा घेऊन टाकायला पाहिजे एकदाच." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा. कुठला घेऊ?"

आता तुम्हीच विचार करा. कुणी असं विचारल्यावर मी काय करणार? मी सगळे डबे काढले. बुडं दाखवली, शिसं मध्यावर आहे की नाही. काचेवर पेन्सिली लोळवल्या. एक डबा दिसायला सुंदर होता, पण त्यातल्या तपकिऱ्या दुसऱ्या थराला घसरत होत्या. तो बाजूला केला. दुसरा मऊ होता, पण मऊ पेन्सिल भराभर संपते. तोही बाजूला केला. शेवटी तेलाचा तो मोठा डबा निघाला. थर छान घेतो, टोक पटकन जात नाही, उन्हात उडत नाही. मी मनापासून म्हणालो, "मॅडम, हा घ्या. तुम्हाला वर्षानुवर्षं काही बघायला नको."

"वर्षानुवर्षं?" तिने विचारलं.

"हो! परत दुकानात यायचीसुद्धा गरज नाही."

तिने डबा घेतला. पिशवीत ठेवला. दारापाशी एकदा थांबली, मग फुलबाजाराच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

मंगेश हातात खिळे घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "अरे, जगातली सगळ्यात जास्त टिकणारी पेन्सिल तू तिला दिलीस?"

"तिने विचारलं, चांगली कुठली. खोटं कसं सांगायचं?"

"खोटं नको सांगूस," मंगेश म्हणाला, "पण मऊ तरी द्यायचीस रे!"

•

त्यानंतरच्या शनिवारांना किस्से नाहीत. लोक आले, प्लॅस्टिक न फोडता डबे घेऊन गेले. पॅडचं एकच पान कितीतरी दिवस कोरं होतं. खण काढले नव्हते, त्यामुळे मी ते पुसत होतो. आई म्हणाली, "विनू, जेवणावर लक्ष नाही तुझं. दुकानात काय झालं काय?" मी म्हटलं, "काही नाही झालं." ते खरंच होतं.

आता हा शेवटचा.

एका शनिवारी मी शिडीवर चढून डबे लावत होतो. खालून आवाज आला, "एक तक्रार आहे."

मी उतरलो. प्रज्ञा मॅडम. तिने पिशवीतून एक पेन्सिल काढून काचेवर ठेवली. फिकट पोपटी. अख्खी, एकदाही न तासलेली, जशी डब्यातून निघते तशी.

"ही आतून तुटलेली आहे," ती म्हणाली.

असं होतं कधीकधी. पेन्सिल उंचावरून पडली की वरून काही दिसत नाही, पण आत शिशाचे तुकडे होतात. टोक काढलं की तुकडा गळून पडतो. परत काढलं की परत गळतो. ते तपासायचं तर तासूनच बघावी लागते.

मी ब्लेड घेतलं. कागद पसरला. सावकाश तासली. टोक छान निघालं, सुईसारखं. पॅडवर दाबून बघितलं. हललंसुद्धा नाही.

"मॅडम, चांगली आहे ही."

"घरी तुटते," ती म्हणाली.

"मग पुढे कुठेतरी तुटलेली असेल. बघू?"

"बघा ना."

मी आणखी तासली. लाकडाच्या पातळ साली कागदावर पडत होत्या, पोपटी कडा असलेल्या. शिसं सलग. मी आणखी तासली. मंगेशचा हातोडा थांबला होता. अप्पांनी उठून पंखा बंद केला आणि चष्मा पुसत दाराबाहेर जाऊन उभे राहिले, ऊन होतं तरी.

अर्धी पेन्सिल संपली. मला घाम आला होता. गिऱ्हाइकाचा माल असा संपवणं बरं नाही. मी म्हणालो, "मॅडम, कुठेच तुटलेली नाहीये. मी खरंच सांगतो."

तिने बोटाने त्या साली गोळा करून कागदाच्या एका बाजूला केल्या, पुढच्यांना जागा व्हावी तशा.

"अजून अर्धी राहिली आहे," ती म्हणाली. "तीसुद्धा बघा. आणि हळू तासा, मला घाई नाही."